मातीतली मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या माझ्या कार्यशाळेत मी भाजलेल्या मातीची माणसं घडवते, आणि त्यात बहुतेक मुलंच असतात. बघायला येणारे पालक, शिक्षक, कलेचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न तसेच आहेत.

ही खेळणी आहेत की शिल्पं?

शिल्पं आहेत. तरी हा प्रश्न मला आवडतो, कारण मातीची छोटी माणसं आणि लहान मूल यांचं नातं फार जुनं आहे. हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या उत्खननात भाजक्या मातीच्या चाकांच्या गाड्या सापडल्या, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या सापडल्या, आणि बाळाला घेतलेल्या बायकांच्या लहान मूर्तीही. त्यातलं कुठलं खेळायचं आणि कुठलं पुजायचं यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. माझी मुलं मात्र हातात घेऊन खेळायची नाहीत. ती समोर उभं राहून, जमल्यास गुडघे टेकून त्यांच्या उंचीवर येऊन बघायची आहेत.

मुलंच का? मोठी माणसं का नाहीत?

मोठ्या माणसाच्या अंगात समाजाचे संकेत इतके मुरलेले असतात की ते वेगळे दिसतच नाहीत. बाईचं पदर सावरणं, पुरुषाचं पाय फाकवून बसणं आपल्याला स्वभाव वाटतो. मुलाच्या अंगावर हे सगळं दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं असतं, कुठे घट्ट तर कुठे ढगळ. 'नीट बस' म्हटल्यावर मूल नीट बसतं, पण पाय हलतच राहतो. त्या हलणाऱ्या पायासाठी मी हे काम करते.

'सामाजिक संकेत' मातीच्या मूर्तीत दिसणार कसे?

चेहऱ्यात फारसे दिसत नाहीत. गुडघे, खांदे, पायाची बोटं आणि मान यांत दिसतात. एक उदाहरण तपशिलात सांगते.

'पाहुण्यांसमोर' नावाचं एक शिल्प आहे. सहा-सात वर्षांचा मुलगा, उंची साधारण हातभर. 'काकांना पाढे म्हणून दाखव' असं त्याला नुकतंच सांगितलेलं आहे. छाती पुढे, हात मागे बांधलेले, हनुवटी वर: शाळेत शिकवतात तसा तो उभा आहे. समोरून पाहिलं तर गुणी मुलगा. बाजूने पाहिलं की मागचे हात दिसतात. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट इतकं आवळलंय की बोटांच्या टोकाशी मातीत खड्डे पडले आहेत. आणि खाली, डाव्या पायाचा अंगठा उजव्या पायाच्या बोटांवर चढून बसला आहे. घरातले मोठे समोर बसलेले असतात, त्यांना यातलं काही दिसत नाही. म्हणून हे शिल्प मी कधीच भिंतीला टेकवून मांडत नाही. लोकांना त्याच्या भोवती फिरता आलं पाहिजे.

दुसरं उदाहरण दहा वर्षांच्या मुलीचं, कडेवर धाकटा भाऊ घेतलेल्या. आपल्याकडे ही मुलगी कुठेही दिसते: बाजारात, देवळाच्या पायरीवर, बसस्टॉपवर. तिच्याकडे बघून मोठी माणसं 'किती समजूतदार पोर' म्हणतात. मी तिचं कंबरडं घडवायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की भावाचं वजन पेलायला तिला एक कुल्ला पुरता बाहेर काढावा लागतो, पाठीचा कणा वाकतो आणि दुसरा खांदा वर जातो. ओल्या मातीतही नेमकी तीच जागा खचते. आतून आडवी भिंत घातल्याशिवाय ते कंबरडं उभंच राहीना. समजूतदारपणाचा भार शरीरात कुठे पडतो हे मला त्या कामातून कळलं, आणि तेव्हापासून मी मुलींच्या कमरेकडे आणि पाठीकडे वेगळ्या नजरेने बघते.

ही मुलं हसत का नाहीत?

काही हसतात. पण हसरं, गुबगुबीत, लाल गालांचं मूल ही सिरॅमिकमधली, म्हणजे भाजलेल्या मातीच्या कलेतली, जुनी सवय आहे, आणि तिचा इतिहास माहीत असला की तिच्यापासून थोडं दूर राहावंसं वाटतं.

जर्मनीतल्या माइसेनला १७१० साली पोर्सेलिनचा, म्हणजे चिनी मातीचा, कारखाना निघाला. पुढे तिथे योहान योआखिम केंडलर या शिल्पकाराच्या हाताखाली छोट्या मूर्तींची परंपरा बहरली, आणि श्रीमंतांच्या मेजांवर पोर्सेलिनची नाजूक माणसं आली. विसाव्या शतकात, १९३५पासून, बर्टा हुमेल या ख्रिस्ती जोगिणीच्या (ननच्या) चित्रांवरून गोबेल कंपनीने मुलांच्या मूर्ती काढल्या. छत्री घेतलेली मुलगी, टोपलीवाला मुलगा अशा त्या मूर्ती जगभरच्या घरांत शोकेसमध्ये जाऊन बसल्या. गोव्यातही जुन्या घरांच्या काचेच्या कपाटांत परदेशातून आलेली अशी पोरं दिसतात.

या मूर्ती वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांचं कारागिरीचं काम उच्च दर्जाचं आहे. पण मूल कसं असावं याचा एक धडा त्या मोठ्यांना देत राहिल्या: स्वच्छ, आज्ञाधारक, गोड, आणि कायम कोणासाठी तरी काहीतरी छान करणारं. रुसलेलं, कंटाळलेलं, घाबरलेलं किंवा नुसतंच विचारात पडलेलं मूल त्या कपाटात मावलं नाही. मला तीच मुलं घडवायची आहेत.

असं काम याआधी कोणी केलंय का?

हो, आणि फार चांगलं. सर्वात आधी मी फ्लॉरेन्सचं नाव घेईन. तिथे टाकून दिलेल्या मुलांसाठी एक आश्रम होता, ओस्पेडाले देली इनोचेंती. त्याच्या दर्शनी कमानींच्या वर १४८७च्या सुमारास आंद्रेआ देल्ला रॉब्बियाने चकाकी दिलेल्या भाजक्या मातीच्या गोल तबकड्या बसवल्या. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बाळं, कापडी पट्ट्यांत गुंडाळलेली, हात पसरलेले. जवळून बघितलं तर बाळं एकसारखी नाहीत. कोणाच्या पट्ट्या घट्ट आहेत, कोणाच्या सुटायला आल्या आहेत. आई-बापांनी सोडलेल्या मुलांना शहराने आपल्या दारावर, सगळ्यांना दिसतील अशा उंचीवर जागा दिली. त्या काळी हे धाडसच होतं असं मला वाटतं.

आपल्या काळातले अकिओ ताकामोरी मूळचे जपानचे. अमेरिकेत राहून त्यांनी बालपणीच्या गावातली माणसं आठवणीतून मातीत उभी केली, आणि अंगावरचे कपडे कुंचल्याने रंगवले. स्वीडनमधल्या क्लारा क्रिस्टालोवा यांच्या मुलांवर चकाकी ओघळत असते, ती कधी अश्रू वाटते तर कधी नुसतं पावसाचं पाणी. भारतात जी. रेघू यांची साधी, गोलसर, शांत बसलेली खेड्यातली माणसं जरूर पाहा. त्यांनी भोपाळच्या भारत भवनात बराच काळ काम केलं आहे. २०१८ साली जयपूरला भारतातली पहिली सिरॅमिक त्रैवार्षिकी भरली, आणि माती म्हणजे फक्त कप-बशा हा समज बऱ्याच लोकांच्या मनातून तिथे गेला.

याचा गोव्याशी काय संबंध?

बालमूर्ती गोव्याला नवीन नाहीत. माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरात आई आणि बाळ एकत्र पुजले जातात, आणि देवकीसह कृष्णाची पूजा होणारी देवळं फार कमी आहेत. कोलव्याच्या चर्चमध्ये बाळ येशूची, मेनिनो जेजूची, फामा म्हणजे जत्रा ऑक्टोबरमध्ये भरते आणि दूरदूरून लोक येतात. लोण्याचा गोळा घेतलेला रांगता बाळकृष्ण घराघरात आहे. म्हणजे मुलाच्या रूपापुढे हात जोडणारा हा प्रदेश आहे.

आणि त्याच माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या पटांगणात चिखलकाला होतो. मोठमोठे बाप्ये अंगाला तेल लावून चिखलात उतरतात आणि लहानपणचे खेळ खेळतात. एरवी 'कपडे मळवू नकोस' म्हणणारे हात त्या दिवशी कोपरापर्यंत चिखलात असतात. वर्षातून एक दिवस संकेत बाजूला ठेवायची परवानगी इथे देवानेच दिली आहे. माझ्या कामाची मुळं शोधायची असतील तर ती या पटांगणात सापडतील.

यात परंपरेचा किंवा पालकांचा अपमान नाही का?

नाही. 'पाहुण्यांसमोर'मधल्या मुलाच्या आई-वडिलांचं त्याच्यावर प्रेम आहे, हे मी गृहीत धरलं आहे. त्याला पुढे करताना त्यांना अभिमानच वाटतो. संकेत बहुतेक वेळा प्रेमातूनच लादले जातात आणि म्हणूनच ते मोडायला जड जातात. देवांच्या रूपांना मी हात लावत नाही.

माती कुठली वापरता? गोव्याची लाल माती चालते का?

जांभ्याची लाल माती तशीच उचलून चालत नाही. तिच्यात लोह भरपूर असतं आणि खडेही, पण चिकटपणा कमी. हातात वळली तर वळीला भेगा पडतात. कामाची माती सखल भागात, शेतांच्या खालच्या थरात मिळते. डिचोलीचे कुंभार पिढ्यान्पिढ्या अशाच मातीवर घडे, पणत्या आणि घुमट या वाद्याची भांडी करत आले आहेत. माती पाण्यात कालवून, गाळून, निवळून घ्यावी लागते.

खाजन शेतातली माती हाताला लोण्यासारखी मऊ लागते आणि नवशिक्यांना मोह पडतो. पण तिथे खारं पाणी येत-जात असतं. मातीतलं मीठ सुकताना पृष्ठभागावर येतं आणि भाजल्यावर पांढरी पुटं दिसतात. त्याहून वाईट म्हणजे तिसऱ्या-शिंपल्यांचे बारीक तुकडे. भट्टीत त्यांचा चुना होतो. मूर्ती बाहेर काढताना सगळं छान असतं, मग तो चुना आपल्या दमट हवेतलं पाणी शोषून फुगतो आणि काही दिवसांनी गालावरचा टवका उडतो, आत मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसतो. तेव्हा किनाऱ्याजवळची माती घ्यायचीच असेल तर बारीक चाळणीतून गाळल्याशिवाय वापरू नका.

मोठ्या कामासाठी मी लाल मातीत भाजलेल्या मातीचा चुरा, म्हणजे ग्रॉग, मिसळते. त्याने आकसणं कमी होतं आणि जाड भागातून वाफ बाहेर पडायला वाट मिळते. बारीक बोटं आणि कान असलेल्या कामांसाठी तयार स्टोनवेअर माती, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती, बाहेरून मागवते.

मूर्ती भरीव असते की पोकळ?

पोकळच. वळ्या एकावर एक रचत पायापासून वर जायचं, किंवा भरीव घडवून लेदर-हार्ड, म्हणजे चामड्यासारखी अर्धवट सुकलेली, झाल्यावर कापून आतून कोरायची आणि पुन्हा जोडायची. जोडताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मातीची पातळ लापशी, म्हणजे स्लिप, लावतात. भिंतीची जाडी सगळीकडे शक्य तितकी सारखी हवी. पाय जाड आणि मनगट पातळ असलं तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि जोडावर चीर जाते. तळाला किंवा आतल्या बाजूला भोक ठेवणं सक्तीचं आहे. सुकून भाजेपर्यंत मूर्ती साधारण ८ ते १२ टक्के आकसते, म्हणून मुलाचं डोकं घडवताना मी ते जरा मोठंच ठेवते.

भट्टीत मूर्ती फुटतात का?

फुटतात, आणि बहुतेक वेळा घाईमुळे. वरून कोरडी दिसणारी मूर्ती आत ओली असू शकते. १०० अंशांना पाण्याची वाफ होते आणि वाट मिळाली नाही तर ती भिंत फोडून निघते. त्यासाठी भट्टी १०० अंशांच्या खाली कित्येक तास रेंगाळत ठेवायची. पुढे ५७३ अंशांना मातीतल्या गारगोटीचं, म्हणजे क्वार्ट्झचं, आकारमान एकदम बदलतं. तापवताना आणि थंड करताना, दोन्ही वेळा ही पायरी सावकाश ओलांडावी लागते. लाल माती मी साधारण १०५० अंशांपर्यंत भाजते, स्टोनवेअर १२०० अंशांच्या पुढे. लाल मातीत लोह असल्याने ती फार तापवली तर मऊ पडून वाकते, आणि मुलाचे पाय वाकले की आपण त्याला जी उभं राहण्याची ढब दिली ती गेलीच.

पावसाळ्यात काम बंद असतं का?

घडवणं चालू, भाजणं कमी. मूर्ती प्लास्टिकखाली झाकून सावकाश सुकवायला ही हवा खरं तर चांगली. वीज गेली की मात्र भट्टी मध्येच थांबते.

चेहरा आणि अंग खरखरीत, पण बूट चकचकीत, असं का?

हे मुद्दाम केलेलं आहे. ग्लेझ म्हणजे वितळून बसलेली काच. ती बारीक सुरकुत्या आणि बोटांचे ठसे भरून टाकते, शिवाय उजेड परतवते म्हणून आकार नीट वाचता येत नाही. अंगावर मी फक्त रंगीत मातीचा पातळ थर देते. चकाकी फक्त तिथेच देते जिथे ती मोठ्यांनी आणलेली असते: पॉलिश केलेले शाळेचे बूट, तेल लावून चापून बसवलेले केस, लाल रिबन, चवथीचा नवा फ्रॉक. 'नवा फ्रॉक'मधली मुलगी दोन्ही हात अंगापासून दूर धरून उभी आहे, कारण फ्रॉकला हात पुसायचे नाहीत असं तिला बजावलेलं आहे.

चवथीच्या मूर्तीपेक्षा हे वेगळं कसं?

श्रावणात आमच्याकडच्या चित्रशाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायच्या कार्यशाळा, गजबजतात. तिथली मूर्ती चिकणमातीची, न भाजलेली असते, कारण तिला पाण्यात विरघळायचं असतं. भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही, तळीत टाकली तर शेकडो वर्षं तशीच राहील. त्यामुळे चित्रशाळेतला कारागीर मूर्ती भरीव ठेवू शकतो, आधाराला आत काही घालू शकतो. मला ते करता येत नाही. पण डोळ्यांची आखणी, बोटांची ठेवण, ओल्या फडक्याने गालाचा फुगवटा काढणं हे मी चित्रशाळेतच बघून शिकले. गोव्यात शिल्प शिकायची इच्छा असलेल्या प्रत्येकाने एक श्रावण चित्रशाळेत घालवावा, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या मुलाची मूर्ती करून द्याल का?

हुबेहूब चेहऱ्याची मूर्ती मी करत नाही. माझी शिल्पं अनेक मुलांच्या निरीक्षणातून येतात, ओळखता येईल असं एकही मूल त्यात नसतं. मूल मोठं झाल्यावर त्याला आपलं रडकं किंवा भेदरलेलं रूप लोकांच्या दिवाणखान्यात हवं असेल का, हे आज आपण त्याच्या वतीने ठरवू शकत नाही. मुलांच्या हक्कांसाठी २००३ साली स्वतंत्र कायदा करणारं हे राज्य आहे. निदान कलावंतांनी तरी मुलाला न विचारता त्याचा चेहरा वापरू नये.

मुलांना घेऊन आलो तर चालेल?

जरूर या. मुलं मूर्तींसमोर उभी राहून लगेच तशीच पोज घेतात, आणि काय चाललंय ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही. कृपया त्यांना 'हात मागे बांध' म्हणू नका, स्पर्श करायची कामं वेगळी मांडली आहेत. कोरडी माती घासण्याच्या खोलीत मात्र मुलांना सोडत नाही. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते. आम्हीही ओल्या स्पंजानेच काम करतो.

किंमत जास्त का वाटते?

एका मूर्तीला घडवणं, सुकवणं, दोनदा भाजणं यात महिना-दीड महिना सहज जातो. साच्यातून काढलेली नसल्याने दुसरी तशीच होत नाही. भट्टीत गेलेल्या कामाचा खर्चही बाहेर आलेल्या कामालाच उचलावा लागतो.

शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

रीतसर शिक्षणासाठी पणजीत आल्तिनोला गोवा कला महाविद्यालय आहे, १९७२ पासूनचं. मातीच्या भट्ट्यांचं सखोल काम बघायचं तर पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीचं नाव घ्यावं लागेल. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी ती १९७१ साली सुरू केली आणि भारतातले कितीतरी सिरॅमिक कलावंत तिथे घडले. समकालीन काम बघायला पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा आहे, आणि डिसेंबरात पणजीत भरणारा सेरेंडिपिटी महोत्सव.

पण सुरुवात घरूनही होते. मूठभर चिकणमाती घ्या आणि एखाद्या लग्नात किंवा मुंजीत कोपऱ्यात बसून मुलांकडे बघा. चेहरे काढू नका. फक्त बसलेलं मूल, पाठीकडून, वीतभर उंचीचं. त्याला कोणी काय सांगितलंय हे पाठीवरून ओळखता आलं की पुढचं तंत्र शिकायला या.

घरी नेल्यावर काळजी काय घ्यायची?

कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. लाल मातीची मूर्ती बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, किंवा तुळशीजवळ ठेवली तर पहिल्याच पावसात तिच्यावर शेवाळ धरेल. स्टोनवेअरचं काम बाहेर चालतं, फक्त तळाच्या भोकात पाणी साचू देऊ नका. उचलताना हात किंवा मान धरू नका, दोन्ही हातांनी कंबरेखाली धरा. बोट तुटलंच तर तुकडा कागदात गुंडाळून जपून ठेवा आणि मूर्तीसह घेऊन या. घरचा झटपट गोंद लावू नका, तो काढताना कडा झडतात आणि मग जोड नीट बसत नाही.